मागची कुरकुर

एका गावात एक भोळा जीपवाला होता. नाव गेनबा. त्याला झोप छान लागायची. जागी राहायची ती त्याची बायको प्रतिभा. ब्रेक दाबला की जीपच्या मागच्या चाकातून कुरकुर यायची, आणि सोमवारपासून त्याच जीपने घाट उतरून त्यांची राणू बालवाडीत जाणार होती.

"अहो, त्या कुरकुरीचं काहीतरी करा."

"पाळणा कुरकुरला तेव्हा काय करायला लावलंस?"

"तेल घालायला. पण..."

पण गेनबा उठलाही होता. त्याने ब्रेकला भरपूर तेल घातलं. कुरकुर बंद झाली. ब्रेकही बंद झाला. जीप पोलीसपाटलाच्या कडब्याच्या गंजीत जाऊन थांबली.

"ब्रेकला कुणी तेल घालतं का? तेल दिसलं की पुसायचं!"

"असं सांगायचं मग!"

गेनबाने ब्रेक पुसला. मग घरात आला. समोर लोणच्याची बरणी, वर बोटभर तेल. त्याने एकेक फोड फडक्याने पुसून कोरडीठाक केली.

प्रतिभाने कपाळाला हात लावला. मराठी घेऊन बी.ए. केलं, आणि नवऱ्याला कळेल असं एक वाक्य जमत नाही!

इकडे ब्रेक पुन्हा तेलकट.

"अहो, नुसतं पुसून काय होणार? गळतंय कुठून ते बघा. तिथं बोळा कोंबा."

"असं सांगायचं मग!"

राणूला सर्दी झाली होती. गेनबा बोळे घेऊन तिच्या नाकाशी पोचला, तेवढ्यात प्रतिभाने लेक उचलली म्हणून बरं.

"आता मी काही सांगणार नाही. मिस्त्री सांगेल तेच करा!"

तिघं जीपमधून निघाली. गेनबा आणि राणू पुढं, प्रतिभा मागं. वाटभर तिचं चालूच. "हळू हो! दगड बघा! राणूला सांभाळा!"

युनूस मिस्त्रीने चाक काढलं, आत हात घालून तेलाने काळी झालेली बोटं दाखवली.

"ॲक्सलचं सील गेलंय. तेल गळून ब्रेकवर येतंय. म्हणून कुरकुरतंय, आणि धरतही नाही."

"गेलंय? कुठं?" गेनबाने गाडीखाली वाकून बघितलं.

मिस्त्रीने चाक परत चढवलं. "नवं सील आणतो. मागं कुरकुरतंय ते आज इथंच राहू दे. सुधारलं की न्या."

गेनबा विचारात पडला. मागं काय कुरकुरतंय?

"नीट ऐका हो," प्रतिभा म्हणाली, "नाहीतर घालाल घोळ!" आणि ती माठावर पाणी प्यायला गेली.

गेनबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने राणूला पुढं बसवलं आणि जीप सुरू केली.

प्रतिभा चपला हातात घेऊन धावत सुटली. वळणावर जीप होती. ब्रेक नव्हता, पण उकिरडा होता. त्यात ती अलगद रुतली होती.

"मला टाकून कुठं निघालात? लेकरू आहे ना गाडीत! अक्कल गहाण टाकलीत का?"

राणू सीटवर गुडघे टेकून उभी राहिली. तिने आईचं सगळं बोलणं कान देऊन ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली, "परत ने हिला. अजून कुरकुरतेय."