राजमार्गाचे वळण

एकदा एक वृद्धा आणि तिचा शिष्य भर राजमार्गावर भांडत उभे होते. भांडण सकाळी तिच्या घरात सुरू झाले होते. त्या घरात तिच्याशी बोलणारे दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे तिनेही ते लवकर मिटू दिले नसावे.

शिष्य हा हेमांग नावाच्या देशाचा राजलेखक होता. त्याला अक्षरओळख तिनेच करून दिलेली. राजधानी नंदवतीला सत्तर वर्षे झाली म्हणून त्याने नगरीचा इतिहास लिहिला होता. तिथली रीत अशी, की असा ग्रंथ सभेत वाचून झाला, की नगरातल्या सर्वांत वृद्ध माणसाने उठून "असेच घडले" म्हणायचे. त्यावाचून ग्रंथ ग्राह्य नाही. वाचन उद्यावर आले होते, आणि वृद्धा म्हणत होती, मी म्हणणार नाही.

"आजी, माझं पद जाईल."

"जाऊ दे. अक्षर तर राहील? चांगलं आहे ते. मी शिकवलंय."

"एका वाक्यासाठी एवढा हट्ट?"

"म्हण बघू ते वाक्य."

तो खाली मान घालून म्हणाला, "'महाराजांनी निर्जन, ओसाड माळावर ही नगरी वसवली.' दफ्तरात असंच आहे, आजी. मी पदरचं काही घातलेलं नाही."

"आणि दफ्तर काय महाराजांच्या आधी जन्मलं होतं?"

मग तिने भलतेच केले. त्याच्याच उपरण्याने त्याचे डोळे बांधले आणि म्हणाली, "चाल. नाकासमोर." राजलेखक निघाला आणि थोड्याच पावलांवर एका कासाराच्या भिंतीला धडकला. कासार खो खो हसला.

"काय झालं रे?"

"इथं वळण आहे," कपाळ चोळत तो म्हणाला. "शत्रूच्या घोडदळाचा वेग मोडावा म्हणून ठेवलंय. तिसऱ्या अध्यायात लिहिलंय मी."

"घोडे काय तुझ्यासारखे डोळे बांधून येतात?" तिने उपरणे सोडले. "इथं आमचं खळं होतं, शहाण्या. टेंभळ गावचं. बारा घरं. मोजणीदार दोरी घेऊन आले ते ऐन सुगीत. वाटेत जोंधळ्याची रास. तेही शेतकऱ्यांचीच पोरं, धान्याची रास ओलांडायला त्यांचा पाय धजेना. दोरी वळसा घालून नेली. आठ दिवसांत रास उचलली, महिन्याभरात आम्हाला नदीपार हाकललं. मी लग्न होऊन परतले तेव्हा गावाचं एवढं वळणच उरलं होतं. ओसाड माळावर रास कुठून येते रे?"

शिष्याने वळणावरच्या भिंतीवरून हात फिरवला. मग हलकेच म्हणाला, "खरं आहे तुमचं. पण आता लेखन बदलायला वेळ नाही. उद्यापुरतं म्हणा, पुढच्या प्रतीत मी दुरुस्त करतो. आणि आजी, टेंभळचं आता उरलंय कोण दुखावायला?"

टेंभळची आणखी एक लेक याच नगरात दिलेली होती. या वळणाशी आल्या, की दोघी एकमेकींना कोपराने ढोसत. ती गेल्या फाल्गुनात गेली.

"कोणी नाही," वृद्धा म्हणाली. "मी एकटी. उद्या मी 'असेच घडले' म्हटलं, की माझं गाव दुसऱ्यांदा उठेल, आणि या खेपेला ते उठवणारी मी असेन."