पाटावरचे सात हातोडे

तांबटांचं एक गाव होतं. तिथं गोंदशेटच्या कारखान्यात तांब्याचे हंडे, घागरी घडत. गोंदशेट काही राक्षस नव्हता, पण मालकच तो. कुणी खोकला की घरी. कुणी उलट बोललं की घरी. बहिर्जी नावाच्या कारागिराचा हात भट्टीत भाजला, तर तिसऱ्या दिवशी त्याची ऐरण दुसऱ्याला दिली.

बहिर्जी तडक राजाकडे गेला. भाजलेला हात पुढे केला. राजा भला होता. त्यानं कायदा केला: खंडेनवमीला कारखान्यात ज्याच्या हातोड्याची पूजा झाली, त्याला मालकानं जन्मभर काढायचं नाही. बहिर्जीला त्याची ऐरणही परत मिळाली.

त्या नवमीला पाटावर सात हातोडे बसले. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. धास्ती गेली तसे हात स्थिर झाले. भांड्यावर एकसारखे ठोके देऊन पत्रा दणकट करायचा, याला मठारकाम म्हणतात. ते शिकायला तीन वर्षं लागतात. उद्याचा भरवसा नसलेला माणूस ते कशाला शिकेल? आता बहिर्जी जीव ओतून शिकला. त्याचे हंडे लेकींच्या रुखवतात मिरवू लागले. कायद्याला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्यावं.

आणि त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी पुढचं ऐकावं. पाटावर गणोजीचाही हातोडा होता. हा बाबा भर दुपारी भात्याला टेकून घोरायचा. बहिर्जी ओरडला की एक डोळा उघडून म्हणायचा, "काका, माझ्या हातोड्याला कुंकू लागलंय. तुम्ही कशाला रक्त आटवता?"

ते बघून गोंदशेटनं कानाला खडा लावला. आठवा हातोडा पाटावर घ्यायचा नाही म्हणजे नाही. मागणी वाढली तेव्हा त्यानं घाटाखालून येसबाला आणलं. हाताला चपळ, तोंडानं गरीब. पण अष्टमी आली तसा शेट म्हणाला, "येसबा, आता घरी जा. दसरा झाला की ये."

"मालक, माझं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर परत ये म्हटलं असतं का?"

अशी अकरा वर्षं गेली. पुढं धुळाजी म्हणून आणखी एकजण आला, त्याचीही तीच गत. दर अष्टमीला येसबा हातोडा फडक्यात गुंडाळून घाट उतरायचा. मठारकाम त्याला कुणी शिकवलं नाही. अष्टमीला जाणाऱ्याला कोण शिकवतो? घरी बायको विचारायची, "औंदा तरी कुंकू लागलं का?" तो हातोडा फळीवर ठेवायचा आणि प्यायला पाणी मागायचा.

बाराव्या वर्षी तो घरी गेलाच नाही. बायकोला काय तोंड दाखवणार? नवमीच्या सकाळी बहिर्जी नदीवर आंघोळीला गेला, तर काठावर येसबा बसलेला. समोर दगडावर त्याचा हातोडा. कुंकू नव्हतं, म्हणून विटेचा तुकडा उगाळून त्यानं बोट ओढलं होतं.

"अरे, इथं पुजून काय उपयोग?" बहिर्जी म्हणाला.

"उपयोग नाही, काका. पण हाही हातोडाच आहे ना? बिचारा अकरा वर्षं राबलाय."

बहिर्जीचा जुना भाजका हात पुन्हा चुरचुरला. कायदा त्यानंच मागून आणला होता. त्यानं येसबाला दंडाला धरून उठवलं, कारखान्यात आणलं. पाटावरचा आपला हातोडा उचलला आणि तिथं येसबाचा ठेवला.

"शेट, माझे हात आता कापतात. मी निघालो. सातचे सातच राहिले, करा पूजा."

गणोजी हसला. "काका, म्हातारचळ लागला काय?"

"गप रे. उचलायचा तुझाच होता. पण तो उचलता येत नाही, ती माझीच करणी."

गोंदशेटनं निमूट कुंकू लावलं. येसबा ढसढसा रडला. मग बहिर्जीच्या पाया पडून म्हणाला, "काका, मला मठारकाम शिकवाल?"

"तीन वर्षं लागतात, बाबा. माझ्याकडं तेवढी उरलीत का, बघू."

येसबानं डोळे पुसले आणि वर पाहिलं. दाराबाहेर धुळाजी उभा होता. काखेत फडक्यात गुंडाळलेला हातोडा. तो पाटाकडं बघत होता, उपाशी माणूस पंगतीकडं बघतो तसा. येसबानं पाटावरचे हातोडे मोजले. सात. पुन्हा मोजले. मग त्यानं मान खाली घातली.

तात्पर्य काय, तर: राबणाऱ्याला धास्तीत ठेवू नये, आणि मालकालाही इतकं धास्तावू नये की तो दारच लावून घेईल. आतल्याच्या डोक्यावर छप्पर घालताना, त्याच्या पागोळ्या बाहेर उभ्या असलेल्याच्या डोक्यावर पडतात का, तेवढं बघावं.