सरव्याची भाकरी

एकदा काय झालं, पार लांब, वाळवंटाच्या कडेला एक गाव होतं. तिथं तिर्सा नावाची एक बाई राहायची. घरात ती आणि तिची म्हातारी सासू. नवरा गेला, जमीन गेली. मग पोट कशावर भरायचं? तर सरव्यावर. सरवा म्हणजे कापणी झाल्यावर शेतात गळून राहिलेल्या ओंब्या. त्या गोरगरिबांनी वेचायच्या. शेताच्या कडा तर कापायच्याच नाहीत, त्यांच्यासाठी उभ्या ठेवायच्या, अशी तिथली रीत होती, बरं का.

त्या वर्षी जवाचं पीक बेताचंच आलं. मोठा जमीनदार अबीदान गड्यांना म्हणाला, "यंदा कडाही कापा." पहिल्या दिवशी तिर्सा गेली, तर कडा कापलेल्या. दुसऱ्या दिवशी गेली, तर शेतात मेंढ्या सोडलेल्या. तिसऱ्या दिवशी गेली, तर धसकटंसुद्धा पेटवून दिलेली. नुसती राख.

"धनी, मूठभर तरी ठेवायचं होतं. घरात म्हातारी उपाशी आहे," ती म्हणाली.

"शेत माझं आहे," अबीदान म्हणाला आणि निघून गेला.

मग तिर्सानं बांधावरचं उंदराचं बीळ हातानं उकरलं. आत ओंजळभर जव निघाले. पिलांपुरते तिथंच ठेवले, बाकीचे ओढणीत बांधले. घरी येऊन दळले, दोन भाकरी भाजल्या.

"आई, उठा. भाकरी केलीय."

आई उठल्या नाहीत. अंग गार पडलं होतं.

तिर्सा रडलीसुद्धा नाही. रडायलाही अंगात बळ लागतं, बाळांनो.

तिकडे अबीदान जेवायला बसला. भाकरीचा घास तोंडात घातला, त्याची राख झाली. मटण घेतलं, त्याची राख. मधात बुडवलेलं अंजीर घेतलं, तेही राख. रोज तेच. गालफडं बसली, डोळे खोल गेले. शेवटी काठी टेकत तो तिर्साच्या दारात आला. ती बिळं उकरून दिवस काढत होती, पण सवयीनं भाकरी दोनच थापायची.

"बाई, एक घास दे," तो म्हणाला.

"ही माझ्या सासूची आहे," तिर्सा म्हणाली. "त्यांना तुमच्या शेतातली एक ओंबी मिळाली नाही."

तिर्सानं भाकरी छातीशी धरली. देऊ नये, असंच वाटत होतं तिला. मग तिनं त्याचे हात पाहिले. म्हातारीचे थरथरायचे तसेच थरथरत होते. तिनं भाकरी दिली.

तोंडात घास घासच राहिला. अबीदान उंबऱ्यापाशी बसून खात होता आणि रडत होता.

पुढच्या कापणीला त्यानं कडा चांगल्या रुंद सोडल्या, अन् मग दरवर्षी सोडल्या. गावात कुणी उपाशी झोपेना. तिर्साही दोन वेळा पोटभर जेवू लागली. सुखात राहिली म्हणायचं. जेवताना मधेच तिचा हात थांबायचा, तेवढंच.

झालं. आता पांघरूण घ्या आणि डोळे मिटा बघू.