दारातलं मुंगूस

जनावरं एकमेकांकडे औषधाला जात त्या काळची ही गोष्ट. तळ्याकाठच्या कपारीत कासव वैद्यकी करी. दाराशी मुंगूस बसे आणि येणाऱ्याला हुंगून, पाय पुसायला लावून मग आत सोडी. वर फांदीवर टिटवी असे. ती कुणाला अडवत नसे. कोण आलं, कोण गेलं, एवढंच बघून ठेवी आणि विचारलं की वैद्यबुवांना सांगे.

एकदा मुंगसाची नजर चुकवून साप आत शिरला आणि औषधांची मडकी फोडून गेला. मुंगसाच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ते प्रत्येकाला तीनतीनदा हुंगू लागलं, आणि तरीही "थांबा जरा" म्हणून बाहेरच बसवू लागलं.

तेवढ्यात सशीण तापलेलं पिल्लू घेऊन आली. "मुंगूसदादा, याला धाप लागलीय हो!"

"बसा. एकदा चूक झाली, पुन्हा नाही."

आत कासव रिकामं बसलं होतं. त्याने विचारलं, "टिटवे, आज कुणी आजारी नाही वाटतं?"

"सकाळपासून अकराजण आलेत, बुवा. आत एकही पोचला नाही."

कासव डुलत बाहेर आलं. रोग्यांची रांग बघून म्हणालं, "मुंगसा, यांत साप कोणता?"

"एकही नाही, बुवा."

"मग तुझं तपासून झालंय. 'जा' म्हणायचं तेवढं राहिलंय."

मुंगूस मान खाली घालून उठलं. पिल्लाला त्याने स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि आत नेलं.

संध्याकाळी ताप उतरला. जाताना सशीण मुंगसाकडे न बघताच दाराशी आली. मुंगसाने बाजूला सरकून तिला वाट दिली.