सरदारांचं जेवणघर वाढलं, त्याची गोष्ट

"जेवणघर दुपटीने वाढवायचं, पण एकही भिंत फोडायची नाही आणि पाडायची नाही," असा हुकूम सोडून सरदार निंबाजीरावांनी विडा तोंडात टाकला. त्यांच्या परीने काम झालं होतं. उरलेलं किरकोळ तेवढं गवंडी बाळोजीने आठ दिवसांत उरकायचं होतं. नाही उरकलं तर थापी आणि ओळंबा सरदारांच्या पायाशी ठेवून त्याने बिऱ्हाडासह चिंचणगाव सोडायचं होतं.

घाईला कारण होतं. सरदारांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. व्याह्यांकडून ऐंशी पाहुणे यायचे होते आणि सरदारांच्या जुन्या घरातल्या जेवणघरात दाटीवाटीने चाळीस पानं बसत. म्हणजे निम्मे पाहुणे दुसऱ्या पंगतीला! दुसऱ्या पंगतीला बसवलेला वऱ्हाडी ही गोष्ट नातवंडांना सांगितल्याशिवाय मरत नाही, हे सरदारांना पक्कं ठाऊक होतं. ते स्वतः गेली तेवीस वर्षं असंच एक लग्न लक्षात ठेवून होते.

बाळोजीने हात जोडून सांगून पाहिलं की पलीकडे मोडक्या पालख्या ठेवायची खोली आहे, मधली भिंत काढली की ऐंशी पानं आरामात बसतील. सरदारांनी त्याला दारावरचा दगड दाखवला. घर बांधणाऱ्या आजोबांनी त्यावर कोरून ठेवलं होतं, 'या घराची भिंत जो फोडील वा पाडील, त्याला आमच्या गादीची आण.' मग अंगणात मांडव घालू, असं बाळोजीने सुचवलं, तर माझ्या व्याह्यांना उघड्यावर जेवू घालतोस का, असं सरदारांनी विचारलं. प्रश्न विचारायला त्यांना फार आवडे. उत्तराची वाट बघायची सवय तेवढी त्यांना नव्हती.

बाळोजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची लेक राही चुना मळत होती. बापाच्या बरोबरीने ती कामावर जाई, आणि भिंत किती गज लांब हे नुसत्या नजरेने सांगे. सरदार नेमकं काय बोलले, हे तिने बापाकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा ऐकून ती हसली.

"इथं गाव सुटायची येळ आली अन् तुला हसू येतंय?" बाळोजी चिडला.

"आबा, तुम्ही भिंतीच्या दोन्ही अंगांनी खांब उभं करा, वर तुळया चढवा, छप्पर पेलून धरा. भिंतीचं मी बघते."

ती हसली खरी, पण गाव सुटायची धास्ती तिलाही होती. याच घरात तिची आई गेली होती. हे अंगण दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी तिने सरदारांना निरोप धाडला. तुळया चढल्या आहेत, आता कामाचा मुहूर्त सरकारांच्या हातून व्हावा. सगळे आपल्याकडेच बघत असतील असा कुठलाही समारंभ सरदार चुकवत नसत. ते भटजींना घेऊन तुरा सावरत आले. राहीने नारळ पुढे केला. सरदारांनी तो भिंतीच्या पायथ्याशी ठेवलेल्या दगडावर असा हाणला की सरळ दोन भकलं झाली.

"ब्येस झालं," राही म्हणाली. "सरकारांच्या हातनं पयल्याच दणक्यात फुटला."

भटजींनी कानांवर हात ठेवले. सरदार कडाडले, "लग्नघर आहे हे! नारळ फुटला म्हणतात? वाढवला म्हणावं!"

"चुकलं, सरकार. पर दोन तुकडं झाल्यात की."

"चार होऊ देत. नारळ वाढवतात, फोडत नाहीत. विचार भटजींना."

भटजींनी मान डोलावली आणि बांगडीचंही तसंच असतं, ती पिचली तरी वाढवली म्हणायची, अशी पुरवणी जोडली. राहीने सगळं नीट समजून घेतलं. पुन्हा जिभेची चूक व्हायला नको, म्हणून तिने आणखी एकदा विचारून खात्री केली. शुभकार्यासाठी एखाद्या वस्तूचे तुकडे केले, तर ती फोडली असं होतच नाही ना? होतच नाही, असं सरदारांनी चारचौघांसमोर ठासून सांगितलं.

"आबा," राही मागे वळली, "सरकारांचा हुकूम ऐकला न्हवं? भिंत वाढवा."

बाळोजीने पहार घातली. त्याचे दोन गडीही सरसावले. सरदारांच्या ध्यानात प्रकार येईपर्यंत भिंतीला भलंमोठं भगदाड पडलं आणि पलीकडच्या पालख्या दिसू लागल्या.

"अरे, फोडली!" सरदार ओरडले. "आजोबांची भिंत फोडली!"

राहीने दोन्ही कानांवर हात ठेवले. "सरकार, लग्नघर हाय. असं अभद्र बोलू न्हाई."

सरदारांनी भटजींकडे पाहिलं. भटजींना लग्नाची दक्षिणा अजून मिळायची होती. त्यांनी दारावरचा लेख पुन्हा एकदा वाचला आणि त्यात 'फोडील' आहे, 'पाडील' आहे, 'वाढवील' कुठेच नाही, असा निर्वाळा दिला. सरदारांच्या मिशा थरथरल्या. राग येतोय की काय म्हणून गडी मागे सरकले. पण सरदार हसत सुटले, आणि असे हसले की पागोटं घरंगळून चुन्यात पडलं. मग त्यांनी बाळोजीच्या हातातली पहार घेऊन स्वतः चार घाव घातले. आजोबांचा त्यांच्यावर लहानपणापासून बराच धाक होता.

गाव सोडायचा हुकूम मागे घेऊन त्यांनी राहीला काय हवं ते मागायला सांगितलं. तिने पहिल्या पंगतीत बापाचं पान मागितलं. सरदारांनी ते दिलं आणि आणखी काही असेल तर माग, म्हणाले.

"आबांच्या पानावर सरकारांनी वाढावं."

"मी?" सरदारांचे डोळे विस्फारले. "मी वाढू?"

"भिंत वाढली, सरकार. आपणांस काय अवघड हाय?"

सरदारांना पुन्हा हसू आवरेना. लग्नाच्या दिवशी ऐंशी पानांवर आचाऱ्यांनी वाढलं, आणि एक्क्याऐंशीव्या पानावर निंबाजीरावांनी स्वतः, तुपाची धार जरा जास्तच धरून.