आंबट पाणी आणि पांढरं वासरू

चुनखडीच्या डोंगराखाली एक गाव होतं. त्या गावात एक आई राहायची. काळजी करायला तिला कारण लागत नसे. नसलंच, तर ते का नाही याची काळजी करायची.

तिच्या लेकीकडे एक पांढरं दगडी वासरू होतं. आजोबांनी जाण्याआधी त्याच डोंगराच्या चुनखडीतून नातीसाठी घडवलेलं. उभे कान, टपोरे डोळे आणि ओलं वाटावं असं नाक. शाळेतून आली की लेक आधी त्या नाकावरून बोट फिरवायची, मग जेवायची.

'एवढी एकच आठवण, ती मळायला नको,' आईला वाटे. तांब्यापितळेची भांडी घासायच्या दिवशी ती वासरूही घासायला घ्यायची. लिंबू, चिमूटभर मीठ. बारीक फेस यायचा, पांढरं पाणी वाहायचं. "केवढा मळ गं बाई!" म्हणत ती आणखी घासायची.

हळूहळू वासराचे कान आखूड झाले, डोळे पुसट झाले, नाक सपाट झालं.

"सारखा हात लावतेस ना, बघ काय झालं त्याचं!" आई लेकीला म्हणाली. मग रोजच म्हणू लागली. लेकीने वासराला हात लावणं सोडलं. पुढे बोलणंही कमी केलं.

एकदा सणाआधी आईने वासरावर लिंबू पिळलं. लेक लांब उभी होती, हात पाठीमागे धरून.

"आई, ते चुरचुरतंय. त्याला झोंबतंय का गं?"

"दगडाला कुठलं झोंबतंय!" म्हणत आईने कान लावला. खरंच बारीक चुरचुर ऐकू येत होती, लिंबाचा आंबट रस दगडाला खात होता. मळ कुठला, वासरूच विरघळून मोरीत चाललं होतं!

पावसाच्या पाण्यातही आंबटपणाचा अंश असतो. तोही चुनखडीला विरघळवतो, पण त्याला पिढ्या लागतात. आईने ते काम मायेने लवकर उरकलं होतं.

गप्प बसता आलं असतं. लेकीला कुठे काय कळणार होतं? पण आईची नजर पाठीमागे लपवलेल्या त्या हातांवर गेली.

"तुझ्या हातांनी नाही गं झिजलं. मी झिजवलं."

"नाक परत येईल?"

"नाही बाळा."

लेकीने आईचं बोट धरलं आणि त्या सपाट जागेवर टेकवलं. "इथे होतं. माझ्या बोटाला माहितीये."

आईने साधं पाणी ओतलं. दोघींनी मिळून वासरू मऊ फडक्याने टिपलं.

तात्पर्य: घणाचा घाव दिसतो, रोजचा आंबट थेंब दिसत नाही. दगडाला जपायचं तर तो थांबवावा, लेकराला जपायचं तर आधी आपल्या जिभेवरून पुसावा.