उघड्या दाराचे निशाण

एका खाडीच्या तोंडाशी शंखपेठ नावाचे एक गाव होते, आणि त्या गावाला राजा नव्हता. पूर्वी होता. घाटापलीकडच्या राजधानीत बसून तो सारा वसूल करी. पुढे त्याचा वंश बुडाला, राजधानी ओस पडली आणि शंखपेठेला विचारणारे कोणी उरले नाही. तेव्हा गावातले कोळी, विणकर, व्यापारी, शेतकरी असे सगळे देवळासमोरच्या पारावर जमले आणि त्यांनी ठरवले की आता आपले राज्य आपणच चालवायचे. कारभार पाहायला त्यांनी दुलबाजी नावाच्या एका वयस्क, विचारी माणसाला नगरशेट नेमले. राज्य म्हटले की निशाण हवे. ते काम तुळसा रंगारणीकडे आले.

तुळसा विधवा होती. गलबतांची शिडे रंगवून ती पोट भरी. तिला एकच मुलगा होता, लखमा. तो एका मोठ्या गलबतावर खलाशी होता आणि दूरदूरच्या बंदरांतून धान्य घेऊन येई.

निशाण करायचे ठरले तसे लोक तुळसाच्या अंगणात येऊ लागले. व्यापारी म्हणाले, त्यावर तराजू असावा. कोळी म्हणाले, मासा असावा. पुजाऱ्याला शंख हवा होता. तरुण पोरांना वाघ हवा होता, कारण वाघ पाहिला की शत्रू दबकतो. तुळसाला कोणाचे मन मोडवेना. तिने मोठ्या कापडावर वाघ काढला, मासा काढला, तराजू काढला, शंख काढला आणि उरलेल्या जागेत वेलबुट्टी भरली. निशाण बुरुजावर चढले. लोकांनी मान वर करून आपापले चिन्ह शोधले आणि ते सापडल्यावर समाधानाने घरी गेले. तुळसाही मनातून फुलली होती. इतके बारीक काम तिने आयुष्यात केले नव्हते.

त्याच सुमारास लखमा सफरीला निघाला. त्याला पोचवायला ती होडीतून खाडीबाहेर उभ्या असलेल्या गलबतापर्यंत गेली. तिथून तिने मागे वळून पाहिले. वाघ दिसेना, मासा दिसेना. बुरुजावर नुसते काहीतरी मळकट फडफडत होते.

लखमा म्हणाला, "आई, कोणी लुगडं वाळत घातल्यासारखं दिसतंय गं."

ती हसली. पण परतीच्या वाटेवर ती बुरुजाकडेच पाहत राहिली. गावातल्या माणसाला आपले गाव ओळखायला निशाण लागत नाही, असे तिच्या मनात आले. निशाण पाहतो तो पाण्यावरचा माणूस. त्याला वेलबुट्टीचे काय? त्याला एवढेच कळायला हवे असते की आत शिरावे की शिरू नये.

तिने पहिले निशाण उतरवून घेतले आणि दुसरे केले. ते घेऊन ती पारावर आली तेव्हा लोक जरा नाराजच झाले. पांढरे कापड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मंजिष्ठेच्या लाल रंगाची एकेक रुंद पट्टी. बाकी काही नाही.

तुळसाने कापड दोन्ही हातांनी ताणून धरले. "या दोन लाल पट्ट्या म्हणजे दाराच्या दोन फळ्या," ती म्हणाली. "मधलं पांढरं म्हणजे आत यायची वाट. दार उघडं आहे. वादळात सापडलेला असो, पाणी संपलेला असो, वाट चुकलेला असो, त्यानं बेलाशक आत यावं. इथं त्याला दगा होणार नाही."

कोणीतरी कुरकुरले की यात आमचे काहीच नाही. त्यावर दुलबाजी म्हणाले, "यात आपला शब्द आहे." मग एकेकाने पुढे होऊन त्या कापडाला हात लावला आणि शब्द पाळायची शपथ घेतली. निशाण बुरुजावर चढले आणि राहिले.

पुढची बरीच वर्षे शंखपेठ भरभराटली. लाल फळ्यांमधली पांढरी वाट लांबून दिसे. अनोळखी नाखवे आपली गलबते निर्धास्तपणे खाडीत घालत. कोणाला पाणी मिळे, कोणाला शीड दुरुस्त करून मिळे, कोणाचा आजारी खलाशी गावातल्या घरात बरा होऊन जाई. त्या बदल्यात व्यापार येई आणि गावाची कोठारे भरत.

मग एका वर्षी साथ आली. धक्क्याजवळच्या वखारीत आधी उंदीर मेले. मग हमालांना ताप भरला, काखेत गाठी आल्या आणि ताप भरलेली माणसे पाहता पाहता गेली. गावाचे वैद्य नारोपंत घरोघर फिरले. त्यांच्या हातून कोणी वाचले, पुष्कळ वाचले नाहीत. शेतात राबायला हात उरले नाहीत. कोठारातले धान्य तळाला गेले. सगळ्यांची आशा एका गलबतावर होती. ते धान्य घेऊन यायचे होते आणि त्याची वेळ होत आली होती. लखमा त्याच गलबतावर होता.

पारावर पुन्हा लोक जमले, पण या वेळी एकमेकांपासून दूर दूर बसले. नारोपंतांनी सांगितले की जे कोणी धक्क्यावर उतरेल ते हा ताप घेऊन जाईल आणि जिथे जाईल तिथे पसरवील.  मग दुलबाजी बोलले. त्यांच्या घरातून नुकतीच धाकटी सून गेली होती. ते म्हणाले की ताप सगळ्यांनाच होतो असे नाही, पण उपास सगळ्यांना मारतो. गलबत येऊ द्यावे, धान्य उतरून घ्यावे आणि खलाशांना लगेच परत पाठवावे. एकदा का बंदर बदनाम झाले तर इकडे पुन्हा कोणी फिरकणार नाही, मग साथ संपली तरी गाव संपेल. हे बोलणे कोणाला पटले, कोणाला पटले नाही. शेवटी सगळ्यांची नजर तुळसाकडे वळली, कारण निशाणाचा अर्थ तिने सांगितला होता.

तुळसा उठून घरी आली.

खरे तर तिला गप्पच राहायचे होते. लखमाला पाहून वर्ष उलटून गेले होते. त्याला धक्क्यावर थांबू द्यायचे नाही, वखारीकडे फिरकू द्यायचे नाही, सरळ घरात घ्यायचे, असे बेत ती मनात रचू लागली. तो तरणाताठा आहे, त्याला काही होणार नाही, असेही तिने स्वतःला सांगून पाहिले. तेवढ्यात शेजारच्या विणकराच्या घरातून त्याच्या थोरल्या मुलाला बाहेर काढले. तोही तरणाताठा होता. काल सकाळी तो मागावर बसलेला तिने पाहिला होता. खांदेकरी त्याला नेत होते आणि वाटेला लोक नव्हते. लखमाला मी ज्या दारातून आत बोलावते आहे त्याच दारातून हे बाहेर चालले आहेत, असे तिच्या मनात आले.

तिने आधी निशाण नुसते उतरवायचा विचार केला. पण रिकाम्या काठीला काहीच बोलता येत नाही. निशाण वाऱ्याने फाटले असेल असे समजून नाखवा सरळ आत येईल. दार उघडे असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना दार लागले आहे हे सांगायला हवे होते. तिने लाल रंगाची भट्टी पेटवली. एक नवे कापड घेऊन ते सगळे लाल केले, पांढरे कुठेही ठेवले नाही. मग हिरड्याचा काळा रंग काढून मधोमध एक आडवी जाड पट्टी ओढली. दोन्ही फळ्या मिटल्या होत्या आणि त्यांवर अडसर बसला होता.

कापड वाळताच ती ते घेऊन बुरुजाकडे गेली. दुलबाजी तिथेच समुद्राकडे डोळे लावून बसले होते. त्यांनी ते निशाण उलगडून पाहिले आणि त्याचा अर्थ त्यांना विचारावा लागला नाही.

"हे चढवलं तर गाव उपाशी मरेल, तुळसा," ते म्हणाले.

"मरेल कदाचित."

"आणि लखमा?"

तिने त्यांच्या हातातून निशाण परत घेतले. मग ती म्हणाली, "शेट, दार उघडं आहे म्हणून सांगायचं आणि आत मरण बसवून ठेवायचं. याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा."

दुलबाजींनी मान खाली घातली. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "निदान एवढं गलबत येऊ दे. धान्य उतरू दे. पोराला पोटाशी घे. मग चढव. तुला गावात कोणी बोल लावणार नाही."

हे मात्र तिच्या वर्मी लागले. वाद तिला परतवता आला असता, पण यात दया होती, आणि दयेपुढे तिचे बळ सरले. ती तिथेच पायरीवर बसली. निशाण तिच्या मांडीवर होते. बसल्या बसल्या तिने समुद्राकडे पाहिले आणि तिला दूरवर एक शीड दिसले. काताच्या रंगाचे ते शीड तिने स्वतः रंगवले होते.

ती उठून बुरुजावर चढली. बुरुजावरचा पहारेकरी साथीत गेला होता, त्यामुळे वर कोणी नव्हते. तिने उघड्या दाराचे निशाण उतरवले, घडी करून बाजूला ठेवले आणि नवे दोरीला बांधले. वारा जोराचा होता. रंगाने जड झालेले कापड वर जाईना, दोरी तिच्या हातांतून सुटू लागली. दुलबाजी खालून पाहत होते. त्यांनी मनात आणले असते तर तिला अडवले असते. ते पायऱ्या चढून वर आले, तिच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी दोरीला आपले हात लावले. दोघांनी मिळून ते निशाण वर चढवले.

गलबत सरळ खाडीच्या तोंडावर येत होते. मग त्याचे शीड ढिले पडले आणि ते जागीच डोलू लागले. नाखव्याला दारावरचा अडसर दिसला होता. लखमाला तर आईच्या हातचे दोन्ही रंग ओळखू आले असणार. बऱ्याच वेळाने गलबतावरून एक होडी खाली सोडली गेली. होडीतल्या खलाशांनी खाडीबाहेरच्या खडकावर धान्याची पोती आणून ठेवली आणि ते माघारी गेले. कोणी किनाऱ्याकडे आले नाही. होडी पुरती लांब गेल्यावर गावातली धडधाकट माणसे पोती आणायला निघाली. ते धान्य पुरेसे नव्हते, पण पेज करून पिण्याइतके होते आणि त्या पेजेवर गाव तगले.

गलबत मात्र लगेच गेले नाही. ते दूर नांगरून उभे राहिले. निशाण बदलेल या आशेने लखमाने नाखव्याचे पाय धरले होते, हे पुढे कळले. इकडे तुळसाला ताप भरला.

साथ ओसरायला फार दिवस लागले. गावातले अर्धे उंबरे सुने झाले. शेवटचा रोगी बरा झाल्यावरही नारोपंतांनी घाई केली नाही. आणखी एक हंगाम जाऊ दिला आणि मगच दुलबाजींनी उघड्या दाराचे निशाण पुन्हा चढवले. आता कोण येणार, अशी धास्ती त्यांना होतीच. पण थोड्याच दिवसांत एक गलबत आले, मागोमाग दुसरे आले, आणि पूर्वी कधी न आलेले नाखवेही येऊ लागले. त्यांच्याकडून कळले की उत्तरेकडच्या एका बंदरात हीच साथ होती आणि तिथल्या लोकांनी ती लपवली. तिथे उतरलेले खलाशी आपापल्या घरी गेले आणि घरेच्या घरे बुडाली. आता त्या बंदराकडे कोणी गलबताचे तोंड वळवत नव्हते.

दुलबाजींनी एका परक्या नाखव्याला विचारले की आमच्याकडे यायला तुम्हाला भय वाटले नाही का.

"नाही," तो म्हणाला. "ज्याचं 'नको' खरं असतं, त्याचं 'या' पण खरं असतं."

लखमाही आला. धक्क्यावर दुलबाजी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला काय ते कळले, तरी त्याने विचारले. दुलबाजींनी त्याला जवळ बसवले आणि सगळे सांगितले. तुळसाला ताप आल्यापासून ते रोज तिच्या दाराबाहेर जाऊन बसत. तिच्या खाटेवरून समुद्र दिसत नसे. ती रोज एकच विचारी, गलबत गेले का. ते सांगत की अजून उभे आहे. मग ती कूस बदलत असे.

"एके दिवशी वारा फिरला," दुलबाजी म्हणाले. "तुमचं गलबत दिसेनासं झालं. मी तिला जाऊन सांगितलं, तुळसा, गेलं गं. ती म्हणाली, बरं झालं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती शांत झोपली."

त्या झोपेतून ती उठली नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. लखमा धक्क्याच्या दगडावर हात टेकून बराच वेळ बसून राहिला. त्याच्यामागे खलाशी धान्याची पोती उतरवत होते आणि गावातली मुले त्यांच्या पायांत लुडबुडत होती.

तात्पर्य: निशाण म्हणजे जगाला दिलेला शब्द. आपल्या जिवलगासाठीसुद्धा जो हा शब्द खोटा होऊ देत नाही, त्याच्याच निशाणावर जग विश्वास ठेवते.